दोन बिंदुमेघांची रुजवात

मीरा रोडच्या पूर्वेकडील बेव्हर्ली पार्क ही वस्ती आज पाहणाऱ्यास काँक्रीटच्या इतर कोणत्याही दाट वसाहतीहून निराळी वाटत नाही. परंतु मीरा-भाईंदरच्या भूमीचा पूर्वेतिहास ज्यांस ठाऊक आहे त्यांना हेही ठाऊक असते की, जेथे आज सात-सात मजले चढले आहेत त्या परिसरातील पुष्कळ जागेवर एके काळी खाजणे, भातखाचरे आणि मिठागरे पसरलेली होती, आणि खाडीने शतकानुशतके आणून टाकलेल्या मऊ गाळावर माणसाने मुरमाचा व दगडमातीचा भराव घालून हे नगर वाढविले. १९८५ साली येथे नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि त्या दरम्यान उभ्या राहिलेल्या इमारती आता अशा वयास पोहोचल्या आहेत की, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे त्यांचे स्ट्रक्चरल ऑडिट पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी करून घेणे प्राप्त होते. इमारत खचते आहे काय, कलते आहे काय, छज्जा खाली झुकला आहे काय, हे प्रश्न पूर्वी ओळंबा, पाणसळ आणि अनुभवी डोळा यांच्या हवाली असत. आता त्यांच्या जोडीला लेसर स्कॅनर आला आहे, आणि त्याच्याबरोबर एक नवी अडचणही आली आहे, जिचा विचार या लेखात करावयाचा आहे.

स्कॅनर तिपाईवर बसवून फिरू दिला म्हणजे तो चहूकडे लेसरचा झोत टाकतो आणि झोत पृष्ठभागावर आदळून परत येण्यास लागलेल्या काळावरून, किंवा काही यंत्रांत परतलेल्या लहरीच्या कलेवरून, अंतर काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर धावतो. जाणे आणि येणे दोन्ही जमेस धरता एका नॅनोसेकंदाची चूक १५ सेंटिमीटरांची चूक होते, आणि एका मिलिमीटरचा भेद ओळखावयाचा तर सुमारे ६.७ पिकोसेकंदांचा भेद ओळखावा लागतो. हे कार्य यंत्र सेकंदाला लाखो वेळा करते आणि शेवटी आपल्या हाती येतो तो बिंदुमेघ, म्हणजे सर्व्हे करणाऱ्यांच्या बोलीतील पॉइंट क्लाउड: ज्यातील प्रत्येक बिंदूस तीन सहनिर्देशक आहेत, परंतु हा बिंदू भिंतीचा, तो खिडकीचा, आणि हा वाळत घातलेल्या धोतराचा, हे ज्यातील एकाही बिंदूस ठाऊक नाही.

असा एक मेघ मे महिन्यात घेतला, दुसरा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात घेतला, आणि संगणकाला त्या दोहोंतील अंतर रंगवून दाखवावयास सांगितले, तर जो नकाशा पडद्यावर उमटतो तो पाहून सोसायटीच्या कार्यकारिणीची झोप उडावी, असे पुष्कळदा घडते. भिंतीवर तांबडे पट्टे दिसतात, तळमजल्यावर हातभर फुगवटा दिसतो, वरचे मजले पुढे झुकल्यासारखे दिसतात. यांतील काही खरे असते, पुष्कळसे नसते. दोन मेघांतील फरक म्हणजे इमारतीतील बदल असे गृहीत धरणे ही या विद्येतील सर्वांत महाग चूक आहे. कारण त्या फरकावर दावा सांगणारी केवळ इमारत नसते, तर यंत्र असते, दोन मेघ एकमेकांवर बसविण्याची क्रिया असते, आणि अंतर काढणारे गणितही असते. रुजवात घालावयाची ती या सर्व दावेदारांची, आणि इमारतीचा क्रम त्यांत शेवटी लागतो.

उदाहरणादाखल बेव्हर्ली पार्कातील एखादी वीस मीटर उंचीची इमारत डोळ्यांपुढे आणू आणि प्रथम गणिताचाच विचार करू, कारण तेथील दोष सर्वांत सहज घडतो आणि सर्वांत उशिरा ध्यानात येतो. तुलनेची सर्वांत साधी पद्धत अशी की, एका मेघातील प्रत्येक बिंदूपासून दुसऱ्या मेघातील सर्वांत जवळचा बिंदू शोधावा आणि त्या दोहोंमधील अंतर हाच फरक मानावा. डॅनियल जिरार्दो-मोंतो यांनी फ्रान्समध्ये विकसित केलेल्या आणि आज जगभर विनामूल्य वापरल्या जाणाऱ्या क्लाउडकंपेअर या प्रणालीत ही पद्धत दोन-चार कळा दाबताच हाताशी येते. परंतु दोन्ही स्कॅनमध्ये यंत्राचा झोत भिंतीच्या नेमक्या त्याच बिंदूवर कधीच पडत नाही. समजा भिंत तसूभरही हललेली नाही आणि दुसऱ्या मेघातील बिंदू एकमेकांपासून एकेक सेंटिमीटरवर चौकटीने मांडलेले आहेत. तरीही पहिल्या मेघातील बिंदू त्या चौकटींत कोठेही पडणार, आणि त्याचे जवळच्या बिंदूपासूनचे सरासरी अंतर ३.८ मिलिमीटर, तर जास्तीत जास्त ७ मिलिमीटर निघणार. म्हणजे काहीच घडले नसता नकाशा जवळजवळ चार मिलिमीटरांचा बदल सांगतो. शिवाय हे अंतर नेहमी धनच असते. भिंत पुढे आली की मागे गेली, हे त्यातून कळत नाही. आणि दोन्ही मेघांतील बिंदू नियमित ओळींत असले म्हणजे, एकावर एक धरलेल्या दोन मच्छरदाण्यांत ज्या फिरत्या लाटा दिसतात तशाच लाटा भिंतीच्या रंगचित्रात उमटतात, ज्यांचा गिलाव्याशी काडीमात्र संबंध नसतो.

तळमजल्यावरच्या फुगवट्याची कथा याहून शिकण्याजोगी आहे. मे महिन्यात पार्किंग मोकळे होते. ऑक्टोबरात भिंतीपुढे एक मोटार उभी होती, आणि तिच्या आडोशाने भिंतीचा दोन मीटर रुंदीचा भाग स्कॅनरला दिसलाच नाही. आता मेमधील भिंतीचा प्रत्येक बिंदू ऑक्टोबरच्या मेघात आपला शेजारी शोधू लागतो. छायेच्या काठावरच्या बिंदूस तो लगेच सापडतो, आत सरकावे तसा तो दूर दूर जातो, आणि छायेच्या मध्यावर, मोटारीच्या टपाचा एखादा बिंदू आधी हाती न लागल्यास, तो मीटरभर लांब असतो. नकाशावर काय दिसते? भिंतीच्या तळाशी काठांकडून मध्याकडे सावकाश चढत जाणारा, मीटरभर उंचीचा तांबडा उंचवटा, ज्याची चढण इतकी सुबक असते की पाहणाऱ्यास तो भिंतीचाच फुगवटा वाटावा. यावरची परीक्षा सोपी आहे आणि ती न चुकता करावी: तुलनेची दिशा उलटी करावी. ऑक्टोबरच्या बिंदूंपासून मेमधील बिंदूंपर्यंत अंतर काढले की भिंतीवरचा उंचवटा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी खुद्द मोटारच तांबडी होऊन उभी राहते. खरा फुगवटा दोन्ही दिशांनी टिकतो.

गणितानंतर यंत्राची जबानी. झोत म्हणजे भूमितीतील रेषा नव्हे. तो जसजसा दूर जातो तसतसा पसरतो, आणि ज्या यंत्राचा पसर ०.३ मिलिरेडियन आहे त्याचा झोत शंभर मीटरांवर आपल्या मूळच्या रुंदीत तीन सेंटिमीटरांची भर घालतो. असा झोत खिडकीच्या ग्रिलच्या गजावर अर्धा आणि मागच्या भिंतीवर अर्धा पडला की यंत्र दोन्ही अंतरांची सरमिसळ करून, गज आणि भिंत यांच्यामधल्या पोकळीत, जेथे काहीच नाही तेथे, एक बिंदू मांडते. आपल्याकडील इमारतींना ग्रिल, एसीचे बाहेरचे यंत्र, कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या आणि केबलच्या तारा यांचे जे भरघोस अलंकरण असते, त्यामुळे असे निराधार बिंदू हजारोंनी निर्माण होतात. खिडकीच्या काचेतून झोत कधी आत जातो, कधी परावर्तित होऊन समोरच्या इमारतीची प्रतिमा काचेमागे उभी करतो. पावसाने भिजलेला गिलावा गडद होतो आणि कमी प्रकाश परत करतो. त्यातही १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरणाऱ्या यंत्रांना पाणी फारच प्रतिकूल, कारण ती तरंगलांबी पाणी मोठ्या प्रमाणात शोषून घेते, आणि ओलीच्या डागावर मेघ विरळ व विस्कळीत होतो. ज्या ठिकाणी ओल आहे त्याच ठिकाणी इमारतीस खरोखरीचा अपाय होण्याचाही संभव असल्यामुळे हा दोष विशेष फसवा आहे. तेथे निर्णय देण्यापूर्वी कोरड्या दिवशी पुन्हा स्कॅन घेणे हाच उत्तम मार्ग.

ऋतूंचा दावाही विसरता कामा नये. पावसाळ्यापूर्वी गच्चीवर आणि खिडक्यांवर चढविलेल्या ताडपत्र्या, पावसाने वाढलेली झाडे, भिंतीच्या भेगेतून डोके वर काढलेला पिंपळ, हे सर्व दोन मेघांमधील खरेच बदल आहेत, पण इमारतीचे नव्हेत. मीरा-भाईंदरच्याच हद्दीत, १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला घोडबंदरचा किल्ला आहे. त्याच्या तटावर आषाढ-श्रावणात जे गवत आणि शेवाळ चढते, ते काढून न टाकता मेघांची तुलना केली तर किल्ला वाढीस लागला आहे असाच दाखला मिळेल. उन्हाचाही हिशेब असतो: काँक्रीट एका अंशास दशलक्षात सुमारे दहा भागांनी प्रसरण पावते, म्हणजे दहा अंशांच्या फरकाने वीस मीटर उंचीची इमारत दोन मिलिमीटर वाढते, आणि म्हणून एक स्कॅन पहाटेचा व दुसरा भर दुपारचा असणे इष्ट नव्हे.

आता एका अशा दोषाकडे वळतो, ज्याने पडणारे पट्टे बेव्हर्ली पार्कच्या भौगोलिक स्थानाशीच बांधलेले आहेत. मोठ्या सर्व्हेंत स्थानिक सहनिर्देशक पुरत नाहीत; मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेच्या ५०८ किलोमीटरांच्या मार्गाची पाहणी हेलिकॉप्टरवर बसविलेल्या लायडार यंत्राने झाली, तशा कामात प्रत्येक बिंदू देशव्यापी जाळ्यात बसवावा लागतो, आणि हल्ली लहान कामांतही तोच शिरस्ता पडला आहे. आपला भाग यूटीएम पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतो. त्यात बेव्हर्ली पार्कचा उत्तरेकडील अंक, म्हणजे विषुववृत्तापासूनचे अंतर, सुमारे २१ लाख ३३ हजार मीटर आहे, आणि पूर्वेकडील अंक पावणेतीन लाखांच्या आसपास. हे आकडे संगणकाने ३२ बिटांच्या लहान स्वरूपात साठविले तर काय होते? त्या स्वरूपात अंकासाठी जेमतेम २४ बिट मिळतात, आणि २०,९७,१५२ च्या पुढे गेलेली संख्या केवळ पाव-पाव मीटरच्या पायऱ्यांनीच लिहिता येते. पूर्वेकडील अंकास मात्र सुमारे तीन सेंटिमीटरांची पायरी मिळते. परिणामी उत्तरेस किंवा दक्षिणेस तोंड असलेली भिंत आपल्या जागेवरून साडेबारा सेंटिमीटरांपर्यंत सरकलेली दिसते, तिरकी भिंत पायऱ्या-पायऱ्यांची होते, आणि दोन मेघांची तुलना करता कोठे शून्य तर कोठे एकदम पंचवीस सेंटिमीटर असे पूर्व-पश्चिम धावणारे पट्टे उमटतात. (२०,९७,१५२ मीटरांची ती रेषा दक्षिण मुंबईत गिरगावाच्या आसपास पडते, कुलाब्यात हेच पट्टे निम्म्या रुंदीचे झाले असते.) हा दोष ओळखण्याची खूण अशी की, पट्टे इमारतीच्या अंगाशी समांतर नसून होकायंत्राशी समांतर असतात. उपायही सोपा आहे: मेघ उघडतानाच दोन्ही मेघांच्या आकड्यांतून एकच मोठी ठरावीक संख्या वजा करावी. क्लाउडकंपेअर त्यासाठी आरंभीच विचारणा करते, आणि ती विचारणा घाईने नाकारणाऱ्यांचे पुढचे काही दिवस पट्ट्यांचे कारण शोधण्यात जातात. पण एकदा साठविताना पुसली गेलेली सूक्ष्मता वजाबाकीने परत येत नाही. त्यासाठी मूळ दप्तरच पुन्हा उघडावे लागते.

उंचीच्या बाबतीत असाच घोटाळा निराळ्या कारणाने होतो. उपग्रहांवरून मिळणारी उंची एका गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, तर आपल्या नकाशांतील उंची समुद्रसपाटीपासून. भारताची ही सपाटी १९०९ साली, मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या निरीक्षणांवरून ठरविली गेली. मुंबईच्या प्रदेशात या दोन उंचींत साठ मीटरांहून अधिक तफावत आहे. एवढा फरक कोणासही फसवीत नाही, कारण तो सर्वत्र सारखा आणि अवाढव्य असतो. फसवितात ते लहान फरक.

त्यांतला एक म्हणजे कल. दोनपैकी एका मेघाची पातळी ०.०२ अंशाने चुकली, तर वीस मीटर उंचीवर ती चूक ७ मिलिमीटर होते, आणि नकाशा सांगतो की इमारत झुकली. येथे समोरासमोरच्या भिंती पाहून निकाल लागत नाही, कारण खरोखर झुकलेल्या इमारतीच्याही एका भिंतीचा फरक पुढे व दुसरीचा मागे असतो. निकाल लागतो तो शेजारच्या इमारतींवरून. विजेचे खांब, पलीकडची इमारत, गच्चीवरच्या टाक्या अशा परस्परांशी असंबद्ध वस्तूही त्याच दिशेने, उंचीच्या त्याच प्रमाणात कललेल्या निघाल्या, तर कलला आहे तो मेघ. म्हणूनच जी पाहणी एका इमारतीपुरती करावयाची असते तिच्यातही आजूबाजूचे शंभर-दीडशे मीटर मेघात घेऊन ठेवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

यातून आपण या विषयाच्या गाभ्यापाशी येतो. दोन मेघ एकमेकांवर बसवावयाचे ते कशाच्या आधारे? पॉल बेसल आणि नील मॅके यांनी १९९२ साली मांडलेली पद्धत आज सर्वत्र रूढ आहे: जवळच्या बिंदूंच्या जोड्या लावाव्यात, त्या जोड्यांमधील अंतर कमीत कमी होईल असा मेघ हलवावा, पुन्हा जोड्या लावाव्यात, आणि अंतर घटावयाचे थांबेपर्यंत हा क्रम चालवावा. पद्धत समर्थ आहे. परंतु फरक कमी करणे हेच तिचे ध्येय असल्याने, जो फरक आपणांस शोधावयाचा आहे तोही ती यथाशक्ति कमी करते. सबंध मेघ तिच्या स्वाधीन केला तर खचलेल्या भागाचा फरक ती न खचलेल्या भागावर वाटून टाकते, आणि वीस मिलिमीटरांचा खरा बदल आठ येथे आणि बारा तेथे असा पसरून संशयातीत दिसू लागतो. म्हणून जुळवणी केवळ स्थिर भागांवर करावी, हा नियम. पण भराव घातलेल्या भूमीवर स्थिर काय? जेथे इमारत पाइलच्या पायावर, खालच्या कठीण थरावर टेकलेली आहे, आणि सभोवतालचे अंगण, वाट व कंपाउंडची भिंत मात्र गाळावरच्या भरावावर बसलेली आहे, तेथे वर्षानुवर्षे खचते ते अंगण. प्रवेशद्वाराची शेवटची पायरी आणि फरशी यांच्यात पडलेली भेग, जोत्याला लागून उघडी पडलेली फट, ही त्याची साक्ष खाडीकाठच्या कित्येक वसाहतींत पाहावयास मिळते. अशा ठिकाणी अंगण विस्तृत आणि सपाट आहे म्हणून त्यालाच स्थिर मानून जुळवणी केली, तर संगणक गंभीरपणे सांगतो की इमारत वर उचलली गेली. आणि पाया उथळ असून इमारत व अंगण बरोबरीने खचत असतील, तर तो सांगतो की काहीच घडले नाही. हा दुसरा निकाल पहिल्यापेक्षा अधिक घातक, कारण त्यावर कोणी शंकाच घेत नाही.

फरक वाटून टाकण्याच्या या वृत्तीचा एक थोर दाखला आपल्याच देशाच्या मोजणीच्या इतिहासात आहे. कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांमधील अक्षांशांचे अंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या मोजणीत त्रिकोणांच्या साखळीने एक आले आणि ताऱ्यांच्या वेधाने दुसरे आले. तफावत होती ५.२३६ विकलांची, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरांची. एव्हरेस्ट यांनी ती मोजणीतील चुकांच्या खाती घालून साखळीत वाटून दिली. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांना ते पटले नाही. हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा ओढला जात असावा, असे धरून त्यांनी गणित केले, तर उत्तर आले तफावतीच्या तिप्पट. हिमालय एवढा प्रचंड असूनही ओळंब्याला इतका कमी का ओढतो, या प्रश्नाचे उत्तर जॉर्ज एअरी यांनी १८५५ साली दिले, की पर्वतांखाली हलक्या खडकांची खोल मुळे आहेत आणि पृथ्वीचे कवच खालच्या दाट द्रव्यावर तरंगते. आजच्या भूविज्ञानातील समस्थायित्वाच्या कल्पनेचा उगम हाच. जी तफावत वाटणीत विरून जावयाची होती, तिच्यात पृथ्वीच्या अंतरंगाची बातमी होती.

बिंदुमेघांच्या बाबतीत अशी बातमी हातची जाऊ नये आणि खोटी बातमीही पदरी पडू नये, यासाठी तुलनेपूर्वी दोन परीक्षा घेण्यासारख्या आहेत. एकाच दिवशी, तिपाई थोडी हलवून, तासाभराच्या आत दोन स्कॅन घ्यावेत आणि त्यांची तुलना करावी. इमारत तासाभरात बदलत नाही, तेव्हा त्या नकाशात जे दिसेल ते सर्व यंत्राचे, जुळवणीचे व गणिताचे, आणि तेवढ्याहून लहान फरकाविषयी पुढे मौन पाळावे. दुसरी अशी की, एका मेघातील एखादा छज्जा हेतुपुरस्सर दहा मिलिमीटर खाली सरकवून संपूर्ण प्रक्रिया पुन्हा चालवावी. दहाचे दहा परत मिळाले तर प्रक्रिया विश्वासार्ह, सहाच मिळाले तर चार कोठे मुरले याचा तपास करावा. अंतर काढण्यासाठीही आता केवळ जवळच्या बिंदूवर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. दिमित्री लाग, निकोला ब्रोदू आणि जेरोम लरू यांनी न्यूझीलंडमधील रांगितिकेई नदीच्या घळीवर काम करून २०१३ साली प्रसिद्ध केलेली एम-थ्री-सी-टू ही पद्धत पृष्ठभागाच्या लंबदिशेने एक दंडगोल धरते, त्यात सापडणाऱ्या दोन्ही मेघांतील बिंदूंची सरासरी स्थाने काढते, चिन्हासह अंतर देते, आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा व जुळवणीची चूक जमेस धरून किती फरकापर्यंत निर्णय देऊ नये हेही सांगते. जुळवणीत ३ मिलिमीटरांची चूक असेल तर सुमारे ६ मिलिमीटरांखालचा कोणताही बदल ती सिद्ध मानीत नाही. जेथे छाया पडली आहे तेथे ती शेजारी शोधीत दूर जात नाही; दंडगोलात बिंदू नसले की ती जागा रिकामी ठेवते, आणि मोटारीमागच्या भिंतीविषयी एवढेच प्रामाणिक उत्तर संभवते.

बेव्हर्ली पार्कसारख्या वस्तीत एखाद्या संस्थेस हे काम करून घ्यावयाचे असेल, तर पहिला खर्च स्कॅनवर न करता पक्क्या खुणांवर करावा: इमारतीच्या खांबांवर आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भरावाच्या बाहेर, खडकावर किंवा खोल पायाच्या बांधकामावर बसविलेली चकत्यांची लक्ष्ये, ज्यांची परस्पर उंची पाणसळीने स्वतंत्रपणे मोजलेली आहे. करारनाम्यात हेही लिहून घ्यावे की अहवालासोबत रंगीत नकाशाच नव्हे, तर दोन्ही मूळ मेघ, सहनिर्देशकांतून वजा केलेली संख्या, जुळवणीसाठी स्थिर मानलेल्या भागांची यादी, आणि तासाभराच्या अंतराने घेतलेल्या दोन स्कॅनच्या तुलनेचा निकालही संस्थेच्या दप्तरी जमा होईल. पुढील पावसाळ्यानंतर येणारा मोजणीदार दुसरा असेल, यंत्र दुसरे असेल. या कागदांवाचून त्याने काढलेला फरक कोणाच्या खाती घालावा, हे त्यालाही सांगता येणार नाही.